मध्यापासून थोडे बाजूला

आग्र्याला उतरल्या उतरल्या ताजमहाल गाठायची ओढ लागते. ती जरा आवरा. आधी किल्ल्यात जा आणि मुसम्मन बुरुजाच्या बाजूने यमुनेकडे पाहत उभे राहा. नदी वळते आणि वळणापलीकडे ताज दिसतो, तळहातावर मावेल एवढा. १६५८ पासून १६६६ च्या जानेवारीत डोळे मिटेपर्यंत शहाजहान याच किल्ल्यात, पोटच्या मुलाच्या कैदेत होता. त्याच वर्षी मे महिन्यात शिवाजी महाराज आग्र्यात आले. म्हातारा बादशहा जाऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. दोघांनाही कैदेत टाकणारा माणूस एकच. या योगायोगातून अर्थ काढायची घाई करू नका. तो नुसता मनात असू द्या.

आता ताजकडे चला. बुटांवर कापडी पिशव्या चढवा, आत शिरा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. रांग मागून रेटेल. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांना वाट द्या आणि संगमरवरी जाळीच्या कडेला थांबा. तिच्या चौकटीवरचे एक फूल निवडा. एकच. पाकळी कडेला गडद आहे, आत फिकी होत गेली आहे. हा रंग कुंचल्याने दिलेला नाही, हे अकिकाचे निवडून बसवलेले तुकडे आहेत. ताजगंजच्या गल्ल्यांत कारागीर आजही हेच काम करतात: दगडाची कपची सानेवर घासायची, संगमरवरात तिच्या मापाची खाच कोरायची, बसवून पाहायची, काढायची, परत घासायची. पाकळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या हातांच्या वेगाने नजर न्या. सांधा सापडतो का ते पाहा. सापडला नाही तरी शोधत राहा.

मग जाळीतून आत बघा. ऐन मध्यावर मुमताजची कबर आहे. साऱ्या वास्तूची डावी-उजवी बाजू तिच्यावरून मोजलेली. शहाजहानची कबर तिच्या पश्चिमेला, आकाराने मोठी आणि मध्यापासून बाजूला सरकलेली. मला ताजमध्ये सर्वांत जास्त काही भिडत असेल तर ते हे सरकलेपण. एवढ्या काटेकोर आखणीत त्याच्यासाठी जागा धरलेली दिसत नाही, पण तिच्या शेजारी ती झाली. दोन्ही कबरींकडे पुन्हा एकदा सावकाश पाहा. या वरच्या कबरी रिकाम्या आहेत. खरे दफन खाली तळघरात, तेही असेच शेजारी शेजारी.

परतताना इटारसी-भुसावळ मार्गाची गाडी मिळाली तर बुऱ्हाणपूरला उतरा. १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज तिथेच गेली. आग्र्याला आणण्यापूर्वी तिला पुरले होते ते तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत. तापी तर आपल्या खानदेशाच्या ओळखीची. तिच्या काठावर बसा आणि त्या आईचा विचार करा. तिच्या चौदापैकी सातच मुले जगली.