हक्कसोडपत्रावरची सही



संत लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक माणूस वाटणीची तक्रार घेऊन प्रभूकडे येतो. भाऊ वाटा देत नाही, तुम्ही त्याला सांगा, असे त्याचे म्हणणे. प्रभू न्यायाधीश व्हायला नकार देतो आणि लोभाविषयी बोलू लागतो. हा उतारा वाचला की आपण वाटा मागणाऱ्याकडे बोट दाखवतो. पण लोभ काय मागणाऱ्यालाच असतो? धरून बसणाऱ्यालाही असू शकतो. प्रभूचा इशारा साऱ्या गर्दीला आहे.

आपल्या वसईत हा प्रश्न बहुतेकदा बहिणीच्या सहीपाशी येतो. वडील वारतात, महिन्याची मिस्सा होते, तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज जातो. सातबाऱ्यावर सगळ्या मुलांची नावे लागतात, मुलींचीही. मग भाऊ हक्कसोडपत्र घेऊन बहिणीच्या सासरी जातो. वाडीत केळी होती तोवर घाई नव्हती. बिल्डर येऊन गेला की कागद एका आठवड्यात तयार होतो. बहीण सही करते. तिने राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय हक्क सोडला, असे कागदात लिहिलेले असते.

ही राजीखुशी म्हणजे काय? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ॲरिस्टॉटलचे एक उदाहरण भेटले. वादळात सापडलेला खलाशी जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात फेकतो. तो आपल्या मर्जीने फेकतो की नाइलाजाने? ॲरिस्टॉटल म्हणतो, दोन्ही मिसळलेले आहे. तरी त्या क्षणी निर्णय त्याचाच. संत थॉमस अक्वायनस यांचे मतही जवळपास असेच आहे. म्हणजे बहिणीची सही खोटी ठरत नाही. माहेर वाचावे म्हणून तिने वाटा फेकला. पण खलाशाचे वादळ निसर्गाने आणलेले असते. इथे वादळ कुणी उठवले? आणि फेकलेला माल समुद्रात बुडत नाही, तो भावाच्या होडीत पडतो. ज्याच्या रुसव्याच्या भीतीने बहीण सही करते, त्यानेच तिच्या राजीखुशीचा दाखला पुढे करावा, हे आम्हाला पटत नाही.

काही बहिणी खरोखर प्रेमाने हक्क सोडतात, हेही आम्ही पाहतो. त्या दानाचा मान राखला पाहिजे. फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो: तिने नाही म्हटले असते, तरी ती नाताळला माहेरी जेवायला येऊ शकली असती का?

भाऊ म्हणतात, तिच्या लग्नाला खर्च केला, सोने घातले. मग भावाच्या शिक्षणाचा आणि घराच्या वरच्या मजल्याचाही हिशेब मांडावा, आणि तो बहिणीला समोर बसवून मांडावा. आईवडिलांची सेवा मी केली, हे म्हणणे मात्र वजनदार आहे. अंथरुणाला खिळलेल्या बापाचे पाच वर्षे करणे सोपे नाही. त्याचे मोल द्यायचे तर आईवडिलांनी हयातीत, सर्वांना सांगून, मृत्युपत्राने द्यावे.

मृत्युपत्र नसेल तर आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. विधवेला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलांना. मुलगा आणि मुलगी यांत फरक नाही. महाराष्ट्रातल्या हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क १९९४ साली मिळाला. आपल्या मुलींना समान वाटा त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. केरळात त्रावणकोरचा जुना कायदा मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी ते देई. मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९८६ साली तिथल्या ख्रिस्ती मुलींनाही समान हक्क मिळाला. तिथे जो हक्क कोर्टात जाऊन मिळवावा लागला, तो इथे आपण चहाच्या कपाबरोबर काढून घेतो.

कायदाही सगळीकडे पुरा पडत नाही. सासऱ्याच्या आधी नवरा वारला तर त्याचा वाटा त्याच्या मुलांना जातो, पण सुनेला स्वतःला काहीच मिळत नाही. मूल नसेल तर तिचे हात रिकामेच. ज्या घरी अशी सून आहे, त्या सासू-सासऱ्यांनी मृत्युपत्र लांबणीवर टाकू नये. दत्तक मुलांविषयी विचारणा होते म्हणून सांगतो: बाल न्याय कायद्याप्रमाणे रीतसर दत्तक घेतलेले मूल पोटच्या मुलासारखेच वारस आहे. काकांनी त्याला परके म्हणू नये.

आमची एकच विनंती आहे. घरात दुखवटा असताना कोणताही कागद बहिणीपुढे ठेवू नका. तिला तो घरी नेऊ द्या, वाचू द्या, वकिलाला दाखवू द्या.

मृत्युपत्र करणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. अविवाहित असताना केलेले मृत्युपत्र लग्न झाल्यावर रद्द होते. आणि त्यावर दोन साक्षीदार लागतात, पण साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला त्यात काही दिले असेल तर तेवढे देणे बाद ठरते. तेव्हा ज्याला द्यायचे आहे त्याची साक्ष घेऊ नका. साक्षीसाठी पुष्कळजण आमच्याकडे येतात. आम्ही सही आनंदाने करू, मात्र त्या कागदात आमचे नाव कुठे नाही ना, हे आधी पाहू.