दिवा पोहोचला, चित्रकार मागे राहिला

इंग्लंडच्या जी. एफ. वॉट्सनं १८८६ साली ‘होप’ रंगवलं. पृथ्वीच्या गोलावर बसलेली, डोळ्यांवर पट्टी बांधलेली स्त्री. हातातल्या वाद्याची एकच तार शाबूत, आणि तीच ती कान लावून छेडते आहे. फ्रेडरिक हॉलियरनं काढलेल्या त्याच्या छायाप्रती दूरवर गेल्या. ज्यांनी मूळ चित्र कधी पाहिलं नाही, त्यांनाही ते भिडलं. प्रतीकाच्या चित्राचं बळ हेच.

आपल्याकडे हे भाग्य ‘ग्लो ऑफ होप’ला लाभलं. सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी १९४५-४६च्या सुमारास आपल्याच मुलीला समोर उभं करून ते जलरंगात केलं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा. बोटांच्या कडांतून उजेड लालसर होऊन झिरपतो आणि चेहऱ्यावर सावकाश पसरतो. पारदर्शक जलरंगात उजेड वरून लावता येत नाही, कागदाचा पांढरेपणा पहिल्यापासून राखावा लागतो. ज्योत जपणारी स्त्री रंगवायला याहून योग्य माध्यम मला सुचत नाही.

श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गावी मात्र ही दिवेवाली भेटते ती फ्रेमवाल्याच्या भिंतीवर किंवा कॅलेंडरवर. छापावरून छाप घेत आलेल्या प्रतीत पिवळा भडकतो, अंधार सरसकट काळा होतो आणि नेमकी बोटांमधली लाली जाते. तरीही लोक तारखांचा भाग कापून चित्र काचेत बसवतात, कारण आशा त्यांना कळलेली असते. या प्रेमाला मी कमी लेखणार नाही. चांगल्या कागदावरचा, मूळ रंगांशी ताडून काढलेला फाइन आर्ट प्रिंट महाग पडतो, हेही खरं.

पण नाव छापायला काय खर्च येतो? चित्राखाली ते बहुधा नसतंच, आणि मग कुणीही ठामपणे सांगतं, ‘राजा रविवर्म्याचं आहे.’ रविवर्मा १९०६ साली वारले. चित्र त्यानंतर चाळीसेक वर्षांनी झालं. १९०८ साली मुंबईत स्वतःची कलासंस्था काढून पिढ्या घडवणारा माणूस आपल्याच सर्वांत लाडक्या चित्रातून पुसला गेला.

प्रतीक सर्वांचं झालं की कर्ता गळून पडायचाच, असं म्हणतात. मला ते पटत नाही. याच श्रीगोंद्यात शेख महंमदांची समाधी आहे. ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या या सतराव्या शतकातल्या संतकवीचे अभंग तोंडातोंडी फिरले, पाठभेद झाले असतील, चाली बदलल्या असतील. पण कर्त्याची नाममुद्रा अभंगातच ओवलेली, गाणारा ती म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. ऐकणाऱ्याचं त्यात काही कमी झालं नाही, उलट माणूस ओळखीचा झाला.

छापणाऱ्यांकडे माझं मागणं एवढंच आहे: खालच्या कोऱ्या पट्टीत, देवनागरीत, ‘सा. ल. हळदणकर, जलरंग, म्हैसूर’. आणि फ्रेम करताना ती पट्टी कापू नये.