समुद्रतळाला रोलबॅक नाही

१९८९ साली पेरू देशापासून दूर, पॅसिफिकच्या चार किलोमीटर खोल तळावर जर्मन शास्त्रज्ञांनी नांगर फिरवला. खाणकामाने तिथल्या जीवांचं काय होईल, हे बघायचं होतं. २०१५मध्ये शास्त्रज्ञ परत गेले, तेव्हा नांगराच्या खुणा तशाच होत्या.

माझं काम सर्व्हरवर नजर ठेवायचं. अलर्ट आला की कोड रोलबॅक करतो. म्हणून ‘खाणकाम करू, पण सतत देखरेख ठेवू’ हे मला पटायचं. आता पटत नाही. ज्यांच्यासाठी हे खाणकाम, ते मँगनीजचे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटरच वाढतात. मशीन कधी थांबवायचं आणि कोण थांबवणार, हे आधीच ठरलेलं नसेल, तर आपण समुद्र राखत नाही. त्याच्या नुकसानीचा फक्त लॉग लिहितो.