जिल्हा बदलतो, माणूस?

नांदेडला नातू संगणक शिकतो. परवा म्हणाला, "आबा, पायथॉनमध्ये प्रोग्राम चालू असतानाच वस्तूचा गुण बदलता येतो, नवाही चिकटवता येतो!"

मी म्हटलं, "त्यात काय नवल? आपलं उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात, मग उस्मानाबादेत, १९८२ पासून लातुरात. किल्ला काही जागचा हलला नाही!"

"पण आबा, गुणाचं नाव चुकलं, तर जुना तसाच राहतो अन् चुकीच्या नावाचा नवाच तयार होतो. प्रोग्राम तक्रारही करत नाही."

मी चपापलो. निवृत्तीच्या दिवशी मी स्वतःला 'शांत' हा गुण चिकटवला. 'तापट' खोडायचं राहूनच गेलं होतं! फरक एवढाच, की प्रोग्राम गप्प बसतो. आमची ही बसत नाही.