चाकांवरचा शेजार

आमचा एक मावसभाऊ मेलबर्नला असतो. नोकरी संपली तसं त्यानं मोटारीच्या मागं घरच जोडलं आणि बायकोसह ऑस्ट्रेलिया पालथा घालायला निघाला. तिकडं असे पेन्शनर पुष्कळ. त्यांना ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात. म्हणजे पिकल्या केसांचे भटके. नलारबोरच्या माळावर एके ठिकाणी १४६ किलोमीटर रस्त्याला वळण म्हणून नाही. (फोंडाघाटात लिंबू हुंगत वाढलेल्या आम्हा मालवणकरांना हे पटत नाही.) संध्याकाळी कॅराव्हॅन पार्कात गाडी लावायची, विजेची वायर आणि पाण्याची नळी जोडायची, की बिऱ्हाड मांडून झालं!

“शेजारी काय प्रेमळ रे!” तो फोनवर सांगतो. “खुर्ची टाकायचा अवकाश, चौकशीला हजर.”

असतीलही. पण उद्या सकाळी निघून जाणाऱ्या माणसाशी गोड वागायला काय लागतं? त्याचा फणस तुमच्या कौलांवर पडत नाही, की त्याची कोंबडी तुमच्या मिरचीच्या वाफ्यात शिरत नाही.

आमच्या तालुक्यात आचऱ्याची गावपळण असते. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव गुरं, कोंबड्या, कुत्र्या-मांजरांसकट वेशीबाहेर पडतो आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्यांतून राहतो. परतायलाही पुन्हा कौल हवा. सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ साली काढलं. आचरेकर कित्येक पिढ्या पुढं! फरक एवढाच, की इथं गावातलं भांडणही बरोबर येतं.

माझ्या माहितीतल्या दोघा चुलतभावांचा गडग्यावरून कोर्टात दावा. गावपळणीत झोपड्या नेमक्या शेजारी आल्या. पहिली रात्र पाठीला पाठ लावून गेली. दुसऱ्या रात्री एकाच्या म्हाताऱ्या आईला खोकल्याची उबळ आली, तर दुसरा काढा घेऊन दारात. म्हणाला, “गडगो गडग्याच्या जाग्यार, काकी काकीच्या जाग्यार.”

हा किस्सा मी मावसभावाला जरा मिजाशीतच ऐकवला. तो म्हणाला, “आमची गाडी माळावर बंद पडली, तेव्हा एक अनोळखी माणूस अर्धा दिवस उन्हात खपला. नाव न सांगता गेला. तुमचा काढा गावभर लक्षात राहील. ह्याला काय मिळणार होतं?”

मी तिकडच्या हवेची चौकशी केली.

त्याचं खोटं नाही. आमच्याकडं उपकाराची वही असते. चतुर्थीला दिलेला नारळ पुढच्या चतुर्थीपर्यंत ध्यानात राहतो. माळावरच्या त्या माणसाकडं वहीच नव्हती. तरी मला वाटतं, नकोशा शेजाऱ्यापासून गाडी चालू करून सुटता येतं, ही सवलत फार मोठी आहे. ज्याचं तोंड जन्मभर पाहायचंय, त्याला काढा नेऊन देणं जड जातं.

दावा अजून चालू आहे. पुढच्या तारखेला दोघे मालवणला एकाच रिक्षातून गेले, आणि उतरल्यावर भाड्यावरून भांडले.