श्रम, द्रव्य आणि मान

ज्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणीहि वाचावी, सुधारावी व वांटावी असा परिपाठ असतो, तिच्यासाठीं कोणी रात्री जागून दोष दुरुस्त करतो, तर कोणी थैलीचें तोंड मोकळें करतो. या दोघांनाहि एकाच तराजूंत तोलणें न्याय्य होईल काय?

१९९९ सालीं स्थापन झालेल्या अपॅची सॉफ्टवेअर फाउंडेशनचा नियम विवेकाचा आहे. तेथें सभासदत्व व्यक्तीलाच, तेंहि कार्य पाहून मिळतें. देणगीदार कंपन्यांचे आभार जाहीरपणें मानले जातात. मताधिकार मात्र त्यांना मिळत नाहीं. कृतज्ञता निराळी, अधिकार निराळा.

परंतु श्रमाला मान दिला म्हणजे द्रव्याची गरज सरली, असें नव्हे. इंटरनेटवरील असंख्य गुप्त व्यवहारांचें कुलूप असलेली ओपनएसएसएल मूठभर माणसें सांभाळीत होतीं. २०१४ सालीं तींत ‘हार्टब्लीड’ हा घातक दोष आढळला, तेव्हां कळलें कीं, तिला वर्षाकाठीं जेमतेम २००० डॉलर देणगी मिळे!

मानपत्रानें पोट भरत नाहीं. द्रव्याचे आभार मानावे, श्रमाला अधिकार द्यावा. पण ज्याच्या श्रमांवर आपण विसंबतों, त्याच्या निर्वाहाची चिंताहि वाहावी. आपणांस फुकट मिळालेल्या वस्तूचें मोल दुसऱ्या कोणीं तरी आधींच मोजलेलें असतें.