दैव, जबाबदारी आणि जत्रेतला पालवाला

जत्रेत पाल ठोकून बसणाऱ्या विक्रेत्याचा माल पावसात किंवा आगीत गेला, तर ते त्याचे दैव मानावे की त्या नुकसानीत इतरांचाही वाटा असावा, हा त्याच्या विम्यामागचा मूळ प्रश्न आहे. आषाढीचे पंढरपूर असो वा माहीमचा उरूस, तुळशीमाळा, बुक्का, चुरमुरे, बांगड्या, खेळणी विकणारा अनेकदा उसनवारीवर माल भरतो. मोजक्या दिवसांच्या विक्रीवर पुढचे कित्येक महिने काढायचे असतात.

विमा उतरवणे म्हणजे देवावरचा विश्वास उणा असणे, अशी शंका जुनी आहे. गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणे सांगतो. अधिष्ठान, कर्ता, करणे आणि चेष्टा ही पहिली चार, दैव पाचवे. दैव मान्य करूनही माणसाच्या वाट्याची चार कारणे उरतातच. धर्मशास्त्रकारांनी व्यापारातला धोका हिशेबात धरला होता. याज्ञवल्क्यस्मृती अरण्यातून जाणाऱ्या व्यापाऱ्याच्या कर्जावर शेकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याच्या कर्जावर शेकडा वीस व्याज सांगते. भांडवल बुडण्याची भीती जितकी मोठी, तितका दर चढा. व्यापाऱ्यावर कर बसवताना राजाने त्याचा योगक्षेमही पाहावा, असे मनुस्मृती सांगते. म्हणजे विक्रेत्याच्या सुरक्षिततेचा विचार करणे हे कर घेणाऱ्याचे कर्तव्य ठरते. जत्रेत जागेचे भाडे घेणाऱ्यालाही हा न्याय लागू व्हायला हवा.

इस्लामी विचारात आक्षेप वेगळा आहे. ठरावीक हप्ता भरून अनिश्चित मोबदल्याचा करार करण्यात दोष मानला जातो. जेद्दा येथील इस्लामी फिकह अकादमीने १९८५ मध्ये असा व्यापारी विमा निषिद्ध ठरवला, पण परस्परसाहाय्याचा सहकारी विमा ग्राह्य धरला. तिथे हप्ता एकमेकांसाठी दिलेले दान मानतात.

खरी गुंतागुंत ‘दैवी आपत्ती’ या कायद्यातल्या कल्पनेत आहे. माणसाला आधी ओळखता वा रोखता न येणारी नैसर्गिक घटना घडली, तर जबाबदार पक्ष सुटू शकतो. विम्यात मात्र वादळ-पुरासारख्या घटनेनेच भरपाईचा हक्क निर्माण होतो. एकीकडे देवाचे नाव घेऊन जबाबदारी संपते, दुसरीकडे तिथूनच सुरू होते. शिवाय आषाढात पाऊस येणार हे सगळ्यांनाच ठाऊक असते. अशा पावसात वाहून गेलेला माल दैवाच्या खाती टाकणे न्यायाचे नाही.

मांढरदेवीच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक भाविक मरण पावले. त्याच गोंधळात दुकाने पेटली, सिलिंडर फुटले. एवढ्या मृत्यूंपुढे जळालेल्या मालाचा उल्लेखही क्षुद्र वाटू शकतो. पण विक्रेत्याच्या घरी तोच माल अन्न आणि कर्जफेड असतो. आणि ती आग दैवाने लावलेली नव्हती.

पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते, पण मालाला नाही. मालाचा विमा बहुधा ठरावीक पत्त्याशी आणि खरेदीच्या नोंदींशी बांधलेला असतो. गावोगाव फिरणाऱ्या पालवाल्याजवळ दोन्ही नसतात. पथविक्रेता कायदा, २०१४ सरकारला विम्याची सोय करण्याची मुभा देतो, सक्ती करत नाही.

म्हणून एकेकट्या विक्रेत्याला विमापत्र शोधायला सांगण्यापेक्षा आयोजकाने सर्व पालांचा एकत्र विमा उतरवणे अधिक न्याय्य आहे. मुंबईच्या जीएसबी सेवा मंडळाने २०२४ च्या गणेशोत्सवासाठी सुमारे ४०० कोटींचा विमा घेतला. त्यात दागिन्यांबरोबर स्वयंसेवक, पुजारी आणि स्वयंपाकीही होते. लहान देवस्थानाची ऐपत एवढी नसते, हे खरे. तरी जागेच्या भाड्यातला थोडा भाग हप्त्यासाठी बाजूला काढणे आणि पाल लावतानाच मालाची साधी यादी करून ठेवणे त्यालाही जमते. कोणत्याही धर्माचा विक्रेता त्यात निःशंक सामील होऊ शकेल, यासाठी तो निधी परस्परसाहाय्याचा ठेवता येतो.